जुनी पिकअप ट्यून करावी की मूळ सेटिंगवरच ठेवावी?

हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्याकडे बहुतेक एकाच तऱ्हेची गाडी असते. टर्बो डिझेल, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारी), दोन-अडीच लाख किलोमीटर झालेली, इंजिन अजून ठणठणीत, पण माल भरून चढाला लागली की पूर्वीसारखी ओढत नाही. अशा गाडीला रीमॅप मारून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंगची फाइल बदलून, ताकद वाढवावी, की तेच पैसे दुरुस्तीत घालून कंपनीच्या सेटिंगवर चालवावी? मी एकच गाडी तिन्ही प्रकारे चालवली आहे. आधी तिला ट्यूनिंग बॉक्स (सेन्सरच्या वायरमध्ये लावायची डबी) होता, मग रीमॅप होता, आणि आता बराच काळ मूळ फाइल आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलता येईल असं वाटतं.

रीमॅपचं सुख खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. टर्बो डिझेलवर वीस-पंचवीस टक्के जास्त टॉर्क (चाकं फिरवण्याचा जोर) कुठलाही पार्ट न बदलता मिळतो, आणि तो पायाखाली लगेच कळतो. जिथे तिसऱ्यावर यावं लागायचं तो चढ गाडी चौथ्यात काढते. ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरावा लागत नाही. सावकाश चालवणाऱ्याला डिझेलही थोडं कमी लागतं, निदान मला तरी तसं जाणवलं. बॉक्सपेक्षा रीमॅपची गाडी जास्त मऊ चालते. बॉक्सवर पायडल दाबताना मधेच एक झटका जाणवायचा, रीमॅपवर तो राहिला नाही.

भरवशाचं म्हणाल, तर इंजिन ट्यूनिंगने लगेच मोडतं असं नाही. ताण कुठे पडतो ते बघायला हवं. वाढलेला टॉर्क साधारण १८०० ते २००० आरपीएमच्या आसपास एकदम येतो आणि पहिला मार क्लचला बसतो. वरच्या गिअरमध्ये, माल भरलेला असताना ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा वर चढतो, गाडीचा वेग मात्र तिथेच राहतो आणि थोड्या वेळाने केबिनमध्ये जळका वास येतो. जुन्या क्लचला हे हमखास होतं. नवा क्लच टाकला की तो विषय मिटतो, पण तो खर्च ट्यूनिंगच्या खर्चात धरायचा असतो आणि बहुतेक जण धरत नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर जास्त सांभाळून. तिथे गिअरबॉक्सचं ऑईल तापतं आणि आतल्या क्लचप्लेट जळाल्या की गिअरबॉक्सच खोलावा लागतो.

दुसरी गोष्ट उष्णता. जास्त डिझेल जाळलं की एक्झॉस्टचं तापमान वाढतं. टर्बोच्या आधी मोजलेलं तापमान लांब चढावर ७०० अंश सेल्सियसच्या वर बराच वेळ राहू देऊ नये, असा जाणत्यांचा सर्वसाधारण संकेत आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन टिकतो तो खालून बसणाऱ्या ऑईलच्या फवाऱ्यामुळे आणि त्या उष्णतेशी संबंध क्षणभराचा असल्यामुळे. जुन्या गाडीत रेडिएटर अर्धा चोंदलेला, फॅनचं कपलिंग सैल, ऑईलचा दाब थोडा उतरलेला. कंपनीने ठेवलेली राखीव ताकद वयाने आधीच खाल्लेली असते, आणि ट्यूनिंग उरलेली मागतं.

इंजिनाची मूळ बांधणीही बघावी. डॉज रॅम या अमेरिकन पिकअपमधलं कमिन्सचं ५.९ लिटर, १२ व्हॉल्व्हचं इंजिन बरीच वाढीव ताकद सहज सोसतं. त्या गाड्यांत आधी हात टेकायचा तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. उलट २००३ ते २००७ या काळातल्या फोर्ड सुपर ड्युटीमधलं ६.० लिटर पॉवर स्ट्रोक. त्यात प्रत्येक सिलिंडरभोवती हेडचे चारच बोल्ट आहेत. ट्यून करून बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवला की हेड उचललं जाऊन गॅस्केट उडण्यासाठी ते इंजिन बदनाम आहे. तेव्हा ‘अमक्याची ट्यून केलेली गाडी इतकी वर्षं चालली’ हे ऐकताना आधी इंजिन कोणतं ते विचारा.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं आणि एवढ्यावर मी ट्यूनिंग सोडलं नसतं. क्लच बदलता येतो, तापमानाचा मीटर बसवता येतो. मला कंटाळा आला तो वेगळ्याच गोष्टीचा: गाडीत बिघाड आला की तो शोधताच येईना.

बॉक्स लावलेला असतानाची गोष्ट. चढावर, भरलेल्या गाडीने एकदम ताकद सोडली, चेक इंजिनचा दिवा लागला, गाडी लिंप मोडला (इंजिन वाचवण्यासाठी ताकद कापणाऱ्या अवस्थेत) गेली. बंद करून चालू केली की पुन्हा ठीक. स्कॅनरवर कोड आला रेलचा दाब कमी असल्याचा. मेकॅनिकने डिझेल फिल्टर बदलला. पुन्हा तेच. सेन्सर बदलला. पुन्हा तेच. मग पंपावर संशय. लाइव्ह डेटा लावून बसलो, तर रिकाम्या गाडीत मागितलेला दाब आणि मिळालेला दाब अगदी जुळत होते. शेवटी तो म्हणाला, “साहेब, आधी तुमचा बॉक्स काढू, मग बोलू.”

बॉक्सचं काम कसं चालतं ते ज्याला माहीत आहे त्याला कारण कळेल. तो रेलच्या सेन्सरचा सिग्नल मध्येच अडवतो आणि इसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, खऱ्यापेक्षा कमी दाब सांगतो. इसीयूला वाटतं दाब कमी पडतोय, म्हणून तो पंपाकडून आणखी मागतो. स्कॅनर वाचतो ते इसीयूचंच. म्हणजे पडद्यावर १५०० बार दिसत असताना रेलमध्ये त्याहून जास्त असतात, आणि किती जास्त ते कुणालाच दिसत नाही. बॉक्स काढल्यावर कोड गेला. पण मग दोष बॉक्सचा की पंपाचा? इंजेक्टरमधून जादा डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न पाइपांना चार पारदर्शक बाटल्या लावून इंजिन आयडलिंगला ठेवलं. तीन बाटल्यांत डिझेल सारखं चढत होतं, तिसऱ्या सिलिंडरची बाटली बाकीच्यांच्या दुपटीने भरली. इंजेक्टर झिजला होता. मूळ दाबावर तो अजून काही काळ निभावून गेला असता. वाढीव दाबावर त्याची गळती इतकी होत होती की पंप पुरा पडत नव्हता. बिघाड वयाचा होता, पण तो कोडच्या रूपात समोर आला ट्यूनिंगमुळे. दोन्ही इतके गुंतलेले, की फिल्टर आणि सेन्सरचे पैसे विनाकारण गेले.

रीमॅपमध्ये ही फसवणूक नसते, सेन्सर खरं बोलतो. पण तिथे लक्ष्यच बदललेलं असतं. वर्कशॉपच्या पुस्तकातले आकडे गाडीशी जुळत नाहीत, आणि नव्या फाइलमध्ये कुठल्या आरपीएमला किती बूस्ट मागितलाय ते ट्यूनरलाच ठाऊक. बूस्ट कमी आला तर इंटरकूलरचा (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज फाटलाय की फाइलनेच जास्त मागितलंय, हे ठरवायला प्रत्येक वेळी त्याच्याकडे जायचं. नव्या गाडीला हे चालून जाईल, कारण तिथे बिघाडच कमी. जुन्या गाडीत काही ना काही निघतच असतं, आणि प्रत्येक वेळी दोन संशयित घेऊन बसायला माझ्यात उत्साह उरला नाही.

दुसऱ्या बाजूला, मूळ सेटिंगवरची गाडी आपण समजतो तितकी मंद नसते. पुष्कळदा तिची ताकद चोरीला गेलेली असते. इंटरकूलरच्या होजला खालच्या बाजूने चीर, क्लिपजवळ ऑईलचा ओशट डाग. टर्बोच्या व्हेन (आतल्या हलत्या पात्या) काजळीने अडकलेल्या. अर्धवट चोंदलेला सायलेन्सर. माझ्या गाडीचा होज बदलला, व्हेन साफ केल्या, इंजेक्टर करून घेतला, आणि मूळ फाइलवर ती जवळपास रीमॅपइतकी ओढू लागली असं मला वाटलं. मोजमाप केलेलं नाही, हा फक्त पायाखालचा अंदाज. रिकामी असताना फरक जाणवतो, हे मान्य.

तरी गाडी मॅन्युअल असेल, बहुतेक वेळ रिकामी फिरत असेल आणि क्लच ताजा असेल, तर सौम्य रीमॅपला मी नको म्हणणार नाही. ट्यूनरला २००० आरपीएमच्या खाली टॉर्क आवरता ठेवायला सांगा, काळा धूर दिसला तर फाइल परत करा, मूळ फाइलची कॉपी स्वतःकडे घ्या, आणि ऑईल ठरलेल्या अंतराच्या निम्म्यात बदला. बॉक्स मात्र जुन्या गाडीला नकोच.

पण त्याआधी कॉम्प्रेशन तपासा, इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करा, बूस्टची गळती शोधा. या तिन्हींत निघेल ते दुरुस्त करून माल भरून नेहमीचा चढ चढून बघा. त्यानंतरही गाडी कमी वाटली तर रीमॅपचं बोला. माझ्या गाडीवर ती वेळ पुन्हा आली नाही.