नकाशा पक्का करण्याआधी: थ्रीडी की फक्की?

तीस बाय पन्नासचा प्लॉट, पश्चिमेला रस्ता. खाली हॉल, स्वयंपाकघर अन् आईची खोली, वर दोन बेडरूम. नागपुरात बेसा-मनीषनगरकडे असे प्लॉट गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे नकाशा कसा वाचायचा हे सांगत बसत नाही. आर्किटेक्टने कागद हातात ठेवल्यावर, मंजुरीला टाकायच्या आधी तो घरच्यांकडून तपासून कसा घ्यायचा, एवढंच बोलतो. आम्ही दोन्ही प्रकार केले. आधी संगणकावर घराची थ्रीडी चित्रं काढून घेतली, मग महिनाभराने प्लॉटवर फक्की, म्हणजे चुन्याची पूड मारून पूर्ण मापाच्या खोल्या आखल्या.

थ्रीडीला नावं ठेवण्याआधी त्याचं देणं मान्य करतो. जिन्याच्या खालून मागे जाणारी आमची वाट बीमखाली इतकी बुटकी झाली होती की माझं डोकं आपटलंच असतं. कागदावर ते कुणाला दिसलं नव्हतं, थ्रीडीत पहिल्याच दिवशी दिसलं. वरचा मजला, खिडकीच्या तळाची उंची, गच्चीचा कठडा हे सगळं तिथंच कळतं. शिवाय स्केचअपसारख्या प्रोग्राममध्ये गावाचं ठिकाण, तारीख अन् वेळ टाकली की ऊन कुठवर आत येतं तेही दिसतं. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. जूनच्या मध्यान्हीला सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीला तेव्हा छोटा छज्जाही पुरतो. पण चार वाजले की पश्चिमेचं ऊन आडवं घुसतं, त्याला छज्जा काही करू शकत नाही. हे मला मे महिन्याची सावली मागून घेतल्यावर समजलं. न मागता कुणी दाखवली नाही. तुम्ही मागा.

आता त्रास सांगतो, कारण माझा निकाल त्यावरच लागला. थ्रीडीची चित्रं घरच्या ग्रुपवर टाकली अन् दोन दिवस मतांचा नुसता पाऊस पडला. भाऊजींना समोरची जाळी आवडली नाही. बहिणीला राखाडी रंग उदास वाटला. पुण्याच्या आतेभावाने फॉल्स सीलिंगमधल्या लाइटचे फोटो पाठवले. स्वयंपाकघरातून देवघरात जायला किती वळसा पडतो, पाहुणा हॉलमध्ये बसला असताना बाथरूमचं दार कुणाच्या तोंडासमोर उघडतं, यावर एक अक्षर नाही. चित्र गुळगुळीत असलं की माणसं गुळगुळीतपणावरच बोलतात, त्यांचा दोष नाही. अन् आई? तिने मोबाइल लांब धरून पाहिला, "छान आहे" म्हणाली अन् परत दिला. ज्या बाईचा सगळा दिवस त्या घरात जाणार, तिचं मत दोन शब्दांत संपलं. रंग बदलून पुन्हा चित्रं काढायचे पैसे लागले ते वेगळेच.

फक्कीला एक रविवार गेला. मिस्त्री, एक मदतनीस, चुन्याची गोणी, खुंट्या अन् लाइनदोरी. काटकोन तीन-चार-पाचच्या मापाने धरला. एकच पथ्य पाळा: भिंतीची एक रेघ मारू नका, जाडीसकट दोन रेघा मारा, बाहेरची नऊ इंची, आतली साडेचार. आमच्या नकाशातले दहा फूट भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत होते. भिंती अन् प्लास्टर वजा जाता आत सव्वानऊच्या आसपास उरत होते. सहा बाय साडेसहाचा पलंग, आलमारीचं उघडं दार अन् मधून जाणारा माणूस, असा हिशेब तिथं उभं राहूनच लागतो. थ्रीडीतला पलंग मी नंतर मोजून घेतला, तो पाच फुटी निघाला.

फक्कीतही एक फसवणूक आहे. उघड्या जमिनीवर आखलेली खोली असते त्याहून लहान वाटते. बायकोचा चेहरा पडला, "ही काय खोली आहे?" म्हणून. त्यावर उपाय म्हणजे सध्या राहता त्या घराचा हॉल मोजून न्यायचा अन् त्याच मापाचा चौकोन शेजारी आखायचा. मग जीव थाऱ्यावर येतो.

आई आखलेल्या दारातून आत गेली (रेघेवरून नाही, दारातूनच), ओट्यापाशी उभी राहिली, मग आपल्या खोलीत जाऊन खिडकीच्या जागेकडे तोंड करून म्हणाली, "अन् कूलर कुठं ठेवशीन रे?"

थ्रीडीत त्या भिंतीवर पांढराशुभ्र एसी लावलेला होता अन् खिडकीबाहेर हिरवं कुंपण. आमच्याकडे मार्चपासून कूलर चालतो. स्टँडसकट तो अडीच फूट जागा खातो, त्याला जवळ नळ लागतो, अन् ओली हवा बाहेर जायला समोर दुसरी खिडकी उघडी लागते. बाजूची मोकळी जागा होती साडेतीन फूट. कूलर ठेवला की उरला एक फूट, अन् घरामागे जायची वाट तीच. मोलकरीण, सायकल, गॅसची टाकी, सगळं तिथून जाणार होतं. त्याच दुपारी आईची खोली मधून उचलून मागच्या ईशान्य कोपऱ्यात नेली, जेवणाची जागा अन् देवघर मध्ये आणलं. आता कूलर मागच्या अंगणात, पूर्वेच्या बाजूला, दुपारभर सावलीत. वास्तू पाहणाऱ्या काकांनी ईशान्येला झोपायची खोली म्हणून नाक मुरडलं. नवतपात, मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत आले तेव्हा मात्र दुपारची झोप त्यांनी तिथंच काढली.

सगळ्या खोल्यांत एसी लावणार असाल तर माझा हा प्रश्न तुमचा नसेल, कबूल. तरी बाहेरचं युनिट कुणाच्या खिडकीत गरम हवा सोडणार, हे फक्कीवर उभं राहून बघायला हरकत नाही. पोरं परदेशात असतील तर थ्रीडीशिवाय इलाज नाही. पण आधी फक्की, मग थ्रीडी असा क्रम धरला असता तर आमचे चित्रांचे अर्धे पैसे वाचले असते असं वाटतं. अन् दोन्हींपैकी एकच परवडत असेल, तर माझा हात चुन्याच्या गोणीकडे जाईल. जुनं घर असलं तरी त्याच्या गच्चीवर किंवा लेआउटच्या मोकळ्या जागेत आखता येतं. वरचा मजला त्याच जागी गेरूने आखायचा.

जोतं किती उंच हवं, हे मात्र थ्रीडी अन् फक्की दोन्ही सांगत नाहीत. थ्रीडीतला रस्ता नेहमी सपाट अन् कोरडा असतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून पाणी वस्त्यांत शिरलं, ते कुठवर चढलं हे तिथल्या घरांच्या भिंतींना माहीत. त्यात सिमेंट रोड झाले की रस्ता वर येतो अन् जुनी घरं खाली जातात. म्हणून आखणीच्या दिवशी गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या माणसांना चहाला बोलवा अन् पावसात पाणी कुठवर येतं ते हाताने दाखवायला सांगा. आमच्या शेजारच्या आजोबांनी गुडघ्याखाली हात ठेवला. आम्ही जोतं दीड फुटाने वाढवलं.