गिब्स आधी की सेंट ब्राउन? लायन्सच्या ऑफेन्समधून कोणाला कुठल्या राउंडला घ्यायचं

हे २०२५ च्या सीझनआधी लिहिलेलं आहे, तेव्हा खालचं 'यंदा' म्हणजे २०२५. डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉलच्या (एनएफएल) टीमचा सीझन ७ सप्टेंबरला ग्रीन बेला सुरू होतोय आणि आमच्या फॅन्टसी लीगचा (खऱ्या प्लेयरच्या आकड्यांवर आपल्याला पॉइंट) ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीनं प्लेयर निवडणं, लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आधीच्या शनिवारी आहे. आम्ही बारा जण, बहुतेक सगळे नोव्हाय, ट्रॉय, कॅन्टन इकडचे, गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारे, आणि एक भाऊ पुण्याहून खेळतो. डेट्रॉइटजवळ राहिलं की लायन्सचे प्लेयर जास्त वर उचलले जातात हे दरवर्षी बघतोय, त्यामुळे यंदा ड्राफ्टच्या आधी नीट आकडे काढून बसलो. आमची लीग पूर्ण पीपीआर आहे म्हणजे प्रत्येक कॅचला एक पॉइंट, दहा यार्डला एक, टचडाउनला (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला की) सहा, आणि खालचा सगळा हिशोब त्याच धरून केलाय.

आधी काय बदललंय ते बघू, कारण नावं तीच दिसतात म्हणून लोक गेल्या वर्षीचे आकडे तसेच्या तसे पुढे धरून चाललेत. २०२४ मध्ये लायन्सनी १५-२ केलं (१५ जिंकल्या, २ हरल्या) आणि ५६४ पॉइंट काढले, एनएफएलमध्ये सगळ्यात जास्त आणि टीमच्या इतिहासातलाही रेकॉर्ड. मग प्लेऑफला घरच्या मैदानावर वॉशिंग्टनकडून ४५-३१ हरले, ते अजून ठसठसतं. त्यानंतर ऑफेन्स (बॉल घेऊन पॉइंट काढणारी बाजू) चालवणारा बेन जॉन्सन शिकागोचा हेड कोच झाला आणि त्याच्या जागी जॉन मॉर्टन आला, जो २०२२ मध्ये इथेच असिस्टंट होता आणि मग डेनव्हरला गेला होता. दुसरा बदल माझ्या मते त्याहून मोठा आहे. सेंटर फ्रँक रॅगनाउ जूनमध्ये रिटायर झाला आणि राइट गार्ड केविन झाइटलर टेनेसीला गेला, म्हणजे लाइनचा (पुढे उभं राहून वाट मोकळी करणाऱ्यांचा) मधला भाग गेला. आता सेंटरला ग्रॅहम ग्लासगो, राइट गार्डला जॉर्जियाहून आलेला रुकी (पहिल्याच वर्षाचा) टेट रॅटलेज, आणि लेफ्ट गार्डला ख्रिश्चन महोगनी ज्याचं हे दुसरंच वर्ष. कडेला टेलर डेकर आणि पेनेई सूएल आहेत, त्यांची मला काळजी नाही. पण दोन-तीन यार्डवरून बॉल आत ढकलायचा असतो तेव्हा मधले तिघंच लागतात, आणि फॅन्टसीतले सहा-सहा पॉइंट तिथेच बनतात.

म्हणून मी यंदाच्या लायन्सला २०२४ शी जुळवत नाही, २०२३ शी जुळवतोय. २०२३ ला टीमचे ४६१ पॉइंट होते, तेही चांगलेच, लीगमध्ये पाचवे. तेव्हा कोणाचे किती झाले आणि २०२४ ला किती हे शेजारी ठेवलं की ड्राफ्टचं उत्तर बरंचसं तिथेच सापडतं.

रिसीव्हर (पास पकडणारा) सेंट ब्राउन, २०२३: ११९ कॅच, १,५१५ यार्ड, १० टचडाउन, म्हणजे साधारण ३३० पॉइंट. २०२४: ११५ कॅच, १,२६३ यार्ड, १२ टचडाउन, म्हणजे ३१३ च्या आसपास. बघा हं, टीमनी शंभरच्या वर पॉइंट जास्त काढले त्या वर्षी याचे कमी झाले. कारण सोपं आहे, २०२४ मध्ये डॅलसला ४७-९, टेनेसीला ५२-१४, जॅक्सनव्हिलला ५२-६ अशा मॅचेस झाल्या, आणि इतकं पुढे गेल्यावर कोण कशाला पास टाकत बसेल. त्याची टार्गेट्स (त्याच्याकडे टाकलेले पास) १६४ वरून १४१ वर आली. यंदा मॅचेस जवळच्या झाल्या, चौथ्या क्वार्टरपर्यंत पास टाकावे लागले, तर हा माणूस वरच जाईल.

आता रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) जमीर गिब्स. २०२३ ला रुकी होता, पंधरा मॅचमध्ये ९४५ रशिंग (बॉल घेऊन पळून काढलेले) यार्ड, ५२ कॅच, एकूण ११ टचडाउन, सगळे मिळून २४४ च्या आसपास पॉइंट. २०२४ ला १,४१२ रशिंग यार्ड, परत ५२ कॅच पण यावेळी त्यावर ५१७ यार्ड, आणि एकूण २० टचडाउन, लीगमध्ये कोणाचेही इतके नव्हते. तिथून तीनशे साठच्या वर पॉइंट. त्यातले १२० फक्त टचडाउनचे, म्हणजे तिसरा हिस्सा. सेंट ब्राउनचा तोच हिस्सा चौथ्याहूनही कमी येतो.

समजा गिब्सचे टचडाउन २० वरून १४ झाले, जे कुठल्याही रनिंग बॅकसाठी अजून भारीच, तरी ३६ पॉइंट जातात आणि तो ३३० च्या जवळ येतो. सेंट ब्राउनचे १२ वरून ९ झाले तर १८ जातात, पण यार्ड २०२३ सारखे आले तर ते भरूनही निघतात. म्हणजे वर्षाच्या शेवटी दोघं जवळपास एकाच ठिकाणी उभे असू शकतात. मग आधी कोण?

माझं उत्तर गिब्स, आणि त्याचं कारण टचडाउन नाहीच. गेल्या वर्षी पंधराव्या आठवड्यात बफेलोविरुद्ध लायन्सचा दुसरा रनिंग बॅक डेव्हिड मॉन्टगोमेरीचा गुडघा गेला, मग शेवटच्या तीन मॅच गिब्सनी एकट्यानी ओढल्या, तिन्हीमध्ये शंभराच्या वर रशिंग आणि व्हायकिंग्जविरुद्धच्या अठराव्या आठवड्यात १३९ यार्ड आणि चार टचडाउन. तोपर्यंत लोक म्हणायचे की हा लहान चणीचा आहे, मॅचला वीस-बावीस कॅरी (बॉल घेऊन पळणं) झेपणार नाहीत, तो प्रश्न तिथे मिटला माझ्या मते. शिवाय चांगले रनिंग बॅक संपतात लवकर, रिसीव्हर तिसऱ्या-चौथ्या राउंडलाही बरे मिळतात. बारा टीमच्या लीगमध्ये गिब्स साधारण चौथ्या ते सहाव्या पिकला (निवडीच्या नंबरला) जातोय आणि सेंट ब्राउन पहिल्या राउंडच्या शेवटी, त्यामुळे खरं तर बहुतेकांना दोघांतून निवडायची वेळच येणार नाही. चौथा-पाचवा नंबर असेल तर गिब्स. दहावा ते बारावा असेल तर सेंट ब्राउन डोळे मिटून घ्या. पण सहाव्या-सातव्या पिकला बसलेल्यांनी गिब्स गेला म्हणून घाईनं सेंट ब्राउन वर ओढायची गरज नाही, तिथे दुसरे चांगले आहेत.

आणि एक, तुमची लीग पीपीआर नसेल तर दोघांतलं अंतर वाढतं, गिब्स सरळ पुढे जातो.

सेंट ब्राउनबद्दल मला एक वेगळाच विश्वास वाटतो तो असा की २०२१ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये हा चौथ्या राउंडला ११२ वा पिक होता, त्याच्या आधी सोळा रिसीव्हर गेले आणि त्या सोळाही जणांची नावं त्याला पाठ आहेत. कोच बदलला म्हणून असा माणूस मैदानात कमी दिसणार नाही. तिसऱ्या डाउनला (अडचणीच्या तिसऱ्या प्रयत्नाला) क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, गॉफ आधी त्याच्याकडे बघतो, ते मॉर्टन आल्यानी बदलेल असं वाटत नाही.

आता मधले राउंड, आणि खरा गोंधळ इथेच आहे. पाचव्या-सहाव्या राउंडच्या आसपास तीन लायन्स जवळजवळ एकत्र उभे असतात: मॉन्टगोमेरी, जेमिसन विल्यम्स आणि टाइट एंड (ब्लॉकही करतो, पासही पकडतो) सॅम लापोर्टा.

मॉन्टगोमेरी गेल्या वर्षी माझ्याच टीममध्ये होता. चौदा मॅचमध्ये ७७५ रशिंग यार्ड, १२ टचडाउन, ३६ कॅच, मॅचला साडेपंधराच्या वर पॉइंट, सहाव्या राउंडच्या माणसाकडून अजून काय पाहिजे. पण बफेलोच्या त्या मॅचला मोजक्या कॅरी घेऊन तो बाहेर गेला आणि माझा प्लेऑफ तिथेच संपला. २०२३ ला पण तो चौदाच मॅच खेळला होता, तेव्हा १,०१५ यार्ड आणि १३ टचडाउन. म्हणजे दोन्ही वर्षं बारा-तेरा टचडाउन, ते नशीब नव्हतं, त्याचं कामच ते आहे. गोल लाइनजवळ गिब्सला बसवून याला आणायचे, दोघांना सॉनिक (वेगवान) आणि नकल्स (ताकदवान) हे व्हिडिओ गेममधलं नाव उगाच नाही पडलं. माझी अडचण एवढीच की या माणसाचे पॉइंट नेमके त्याच जागेतून यायचे जिथून रॅगनाउ आणि झाइटलर गेलेत. गिब्सला मोकळी जागा कडेला पण सापडते, त्याचा वेगच तसा आहे, मॉन्टगोमेरीला मधूनच जावं लागतं. म्हणून ज्याच्याकडे गिब्स आहे त्यानी याला सहाव्याला जरूर घ्यावा, एकाला लागलं तर दुसरा सोन्यासारखा, आणि नाही लागलं तरी फ्लेक्सला (रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड कोणीही चालतो ती जागा) चालतो. बाकीच्यांनी सातव्याला मिळाला तरच बघा.

विल्यम्सचा वेग बघायला मला फार आवडतो, तो पळायला लागला की फोर्ड फील्ड सगळं उभं राहतं. २०२४ मध्ये ५८ कॅच, १,००१ यार्ड, ७ टचडाउन, एका कॅचला सतरा यार्डच्या वर, आणि हे पंधरा मॅचमध्ये कारण दोन मॅचची बंदी होती. पण टार्गेट फक्त ९१. इतक्या कमी टार्गेटवर हजार यार्ड म्हणजे एखाद-दुसरा लांबचा पास सुटला की त्या आठवड्याला तुमच्या हातात चार पॉइंट. कॅम्पमधून त्याच्याबद्दल खूप चांगलं ऐकू येतंय, आणि जॉन्सन गेल्यावर त्याला जास्त बॉल मिळेल असं मानणारे बरेच आहेत, मी त्यांना चूक म्हणणार नाही. फक्त ती आशा त्याच्या किमतीत आधीच धरलेली आहे, पाचव्याला घेतलात तर ११०-१२० टार्गेट मिळाल्याशिवाय पैसे वसूल होत नाहीत.

लापोर्टाचं उलट आहे, त्याच्या किमतीत निराशा धरलेली आहे. २०२३ ला रुकी म्हणून ८६ कॅच, ८८९ यार्ड, १० टचडाउन, त्या वर्षी फॅन्टसीमध्ये टाइट एंडात पहिला. २०२४ ला ६० कॅच, ७२६ यार्ड, ७ टचडाउन, आणि टार्गेट १२० वरून ८३. लोकांना वाटलं याची हवा गेली. पण तो अधूनमधून दुखापती घेऊन खेळत होता आणि सीझनच्या दुसऱ्या अर्ध्यात परत रुळावर आला होता. मग परत तोच मुद्दा, टीम २०२३ सारखी झाली तर सेंट ब्राउननंतर सगळ्यात जास्त फायदा याला. बोवर्स, मॅकब्राइड, किटल हे तिघं वर गेले की टाइट एंडला मोठी दरी आहे, तिथे सहाव्याच्या आसपास लापोर्टा मिळणं म्हणजे तिघांतला माझा पिक हाच. तुम्ही आधीच टाइट एंड घेतला असेल तर मग विल्यम्स, तेही तुमचे पहिले दोन रिसीव्हर ठरलेले पॉइंट देणारे असतील तर. सेंट ब्राउन ज्याच्याकडे आहे त्याला विल्यम्स चांगला शोभतो असं मला वाटतं, एक दर आठवड्याला पगार आणतो आणि दुसरा कधीतरी बोनस.

गॉफबद्दल फार नाही लिहीत. ४,६२९ यार्ड आणि ३७ टचडाउन, सुंदर वर्ष, सिएटलविरुद्ध तर १८ पैकी १८ पास पूर्ण. पण तो पळत नाही, ॲलन, लमार, हर्ट्स हे क्वार्टरबॅक पायानी जे पॉइंट आणतात ते त्याच्याकडे नाहीतच. टेनेसीविरुद्ध टीमचे ५२ झाले आणि याचे यार्ड फक्त ८५, तीन टचडाउन होते म्हणून वाचला, पुढे ह्यूस्टनला पाच इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास). २०२३ ला ३० टचडाउन होते, यंदा मी तेवढेच धरतो. नवव्या-दहाव्या राउंडच्या आधी नको, आणि घेतला तर एक बऱ्यापैकी पळणारा क्वार्टरबॅक बेंचवर ठेवा.

आयझॅक टेस्ला हे नाव लिहून ठेवा. तिसऱ्या राउंडला लायन्सनी वर चढून हा रिसीव्हर घेतला, मिशिगनचाच मुलगा, आधी हिल्सडेलला आणि मग आर्कान्सॉला खेळला. ड्राफ्टमध्ये घ्यायची गरज नाही, पण विल्यम्सला किंवा सेंट ब्राउनला काही झालं तर वेव्हरवर (कोणीच न घेतलेल्या प्लेयरमधून) पहिला हात माझा त्याच्यावर पडेल.

तारखा पण बघून ठेवा. आठवा आठवडा बाय आहे (लायन्सची मॅच नाही), त्यामुळे तीन लायन्स घेतलेत तर त्या आठवड्याची सोय आधीच करा, दोनपेक्षा जास्त घेऊ नका असं मी तरी म्हणतो. फॅन्टसी प्लेऑफचे तीन आठवडे मात्र मस्त पडलेत: पंधराव्याला रॅम्सकडे, सोळाव्याला घरी स्टीलर्स, सतराव्याला व्हायकिंग्जकडे, तिन्ही ठिकाणी डोक्यावर छत, डिसेंबरचा वारा-बर्फ काही नाही. व्हायकिंग्जची मॅच ख्रिसमसच्या दिवशी म्हणजे गुरुवारी आहे, फायनलचाच आठवडा, तेव्हा लाइनअप रविवारवर टाकू नका, आमच्या पुण्याच्या भावाला ती मॅच २६ तारखेच्या पहाटे तीनला पडणार आहे आणि त्याला आत्ताच सांगून ठेवलंय की झोपायच्या आधी गिब्स बेंचवर नाही ना ते बघून घे.