तलावातली डिंगी की समुद्रातली यॉट?

शिडाच्या होडीचे प्राथमिक धडे गिरवून कप्तानी शिकू पाहणाऱ्या इंदूरकरापुढे दोन वाटा असतात: सुमारे १९० किलोमीटरवरच्या भोपाळच्या मोठ्या तलावात लेझर डिंगीवर, म्हणजे लहान उघड्या होडीवर, हात पक्का करणे, किंवा अवंतिका एक्सप्रेसने रात्रीतून मुंबई गाठून जे-२४ सारख्या कीलबोटीवर, म्हणजे तळाला वजनदार पाते असलेल्या यॉटवर, जाणे.

लेझर ही एकट्याने हाकायची, सुमारे ७ चौरस मीटर शिडाची हलकी होडी. वाऱ्याचा झोत आला आणि शिडाचा दोर वेळीच सैल सोडला नाही, तर ती कलंडते व खलाशी थेट पाण्यात जातो. चुकीची इतकी रोखठोक पावती कीलबोट देत नाही. तळाचे वजन तिला सावरून घेते. वाऱ्याची जाण म्हणूनच डिंगीवर लवकर येते.

कप्तानी मात्र तलावात शिकता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, प्रवाह होडीला आडवे ओढतो, समोर मालवाहू जहाज आणि बाजूला मच्छीमारांची जाळी असतात. अशा वेळी सुकाणूवरच्या माणसाला १९७२ च्या सागरी टक्करविरोधी नियमांनुसार मार्ग ठरवून, स्पिनेकर (मागून वारा असताना पुढे लावायचे मोठे फुगीर शीड) उतरवण्याचा हुकूम चौघा-पाच जणांना नेमक्या क्षणी द्यावा लागतो. हुकूम उशिरा गेला की शीड पाण्यात भिजते आणि बोट जागीच खिळते.

खर्च यॉटचाच जास्त. पावसाळ्यात मुंबईतला हंगाम बंद असल्याने बेत ऑक्टोबरनंतरचाच आखावा.