हिपॅटायटीस बी: टेनोफोविर की एन्टेकॅविर?

रक्तदान शिबिरात किंवा गरोदरपणाच्या नोंदणीत 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' (म्हणजे रक्तात हिपॅटायटीस बीच्या विषाणूची खूण सापडली) असा रिपोर्ट येतो आणि आपल्याकडे घरचे आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे धाव घेतात. डोळे पिवळे नसतात, भूक चांगली लागते, तरीही विषाणू यकृतात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला असू शकतो. लगेच गोळी सगळ्यांनाच लागते असं नाही. एएलटी (यकृताची सूज दाखवणारी रक्ततपासणी), रक्तातलं विषाणूचं प्रमाण आणि यकृत किती कडक झालंय हे बघून डॉक्टर ठरवतात.

औषध, म्हणजे टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर, सुरू करायचं ठरलं, तर आधी एचआयव्हीची तपासणी करून घ्या. हे मी कळकळीने सांगतोय. एन्टेकॅविर एचआयव्हीवर थोडंफार काम करतं, पण त्याला पुरतं दाबू शकत नाही. तेवढ्यात तो विषाणू स्वतःत बदल करून घेतो आणि पुढे एचआयव्हीसाठी लागणारं लॅमिव्ह्युडिन हे औषध निकामी ठरतं. नुसतं टेनोफोविर दिलं तरी असाच धोका आहे. दोन्ही आजार असतील तर निवडीचा प्रश्न बहुधा उरतच नाही. एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रात) मोफत मिळणाऱ्या टीएलडी गोळीत टेनोफोविर 300, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलीग्रॅम असतं, आणि पहिली दोन हिपॅटायटीस बीलाही आवरतात. पुढे कधी एचआयव्हीचं औषध बदललं, तर टेनोफोविर काढलंय का, हे विचारल्याशिवाय उठू नका, कारण ते थांबलं तर हिपॅटायटीस बी उसळू शकतो.

एचआयव्ही नसेल तर दोन्ही औषधं तोलामोलाची आहेत. विषाणू दोन्हींनी दबतो, रोज एकच गोळी लागते. फरक पडतो तो माणसाच्या शरीरामुळे आणि दिनक्रमामुळे.

एन्टेकॅविर (0.5 मिलीग्रॅम) रिकाम्या पोटी घ्यावं लागतं: जेवणानंतर दोन तासांनी, आणि पुढे दोन तास काही खायचं नाही. रावेर-यावलकडे केळीच्या कापणीवर जाणारा माणूस पहाटे चहा-टोस्ट खाऊन निघतो, रात्री उशिरा भाकरी खाऊन लगेच आडवा होतो. त्याने ते दोन तास रोज कुठून काढायचे? टेनोफोविर 300 ला ही अट नाही, जेवणाआधी घ्या की नंतर.

पण टेनोफोविर मूत्रपिंड आणि हाडांवर ताण आणू शकतं. वय साठीपुढचं, मधुमेह, बीपी किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर माझा कल एन्टेकॅविरकडे. त्याचाही डोस मूत्रपिंडाच्या कामाप्रमाणे कमी करावा लागतो. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो आणि तो आजारही मूत्रपिंडाला इजा करतो, म्हणून तो असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात पाणी कमी पडतं, त्यात अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खाल्लं जातं. टेनोफोविर चालू असताना हे टाळाच.

टेनोफोविरचाच नवा प्रकार टीएएफ. त्याचा डोस 25 मिलीग्रॅम, जेवणासोबत. मूत्रपिंड-हाडांना तो सौम्य आहे, पण कोलेस्टेरॉल बघत राहावं लागतं. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर टीएएफ सहसा देत नाहीत. 300 आणि 25 या आकड्यांवरून पाकीट तपासून घ्या, दोन्हींवर टेनोफोविर असंच लिहिलेलं असतं.

बाई गरोदर असेल तर टेनोफोविरच. विषाणूचं प्रमाण दर मिलिलिटरला 2 लाख आययूच्या (रिपोर्टवरचं एकक) वर असलं तर साधारण 28 व्या आठवड्यापासून देतात, आणि बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत लस व इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन).

पूर्वी नुसतं लॅमिव्ह्युडिन घेतलं असेल तर जुने कागद दाखवा. अशा लोकांत एन्टेकॅविरला विषाणू लवकर दाद देईनासा होतो, म्हणून तिथेही टेनोफोविर. नव्याने फक्त लॅमिव्ह्युडिन कुणी लिहून दिलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात बी चं औषध मोफत मिळतं. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. ऊसतोडीला गुजरातेत जायचं असेल तर जास्तीच्या गोळ्या निघण्याआधीच मागून घ्या. मनानेच गोळी बंद केली तर विषाणू उसळतो, यकृताला जोराची सूज येते आणि ती जिवावरही बेतू शकते.