पिवळं पाणी, तपकिरी ग्लास आणि त्याच दिवशी हातात आलेला रिपोर्ट

दुपारची वेळ. घरात आजी-आजोबा, नाहीतर एकटी गृहिणी. बेल वाजते. गळ्यात ओळखपत्र, हातात काळी बॅग. "काकू, पाणी तपासायला आलोय. तुमच्या विंगमध्ये सगळ्यांकडे चालू आहे, फ्री आहे." महापालिकेचं नाव तो स्वतः घेत नाही, पण काकूंचा तसा समज झाला तर तो दूरही करत नाही. अर्ध्या तासाने ओट्यावर तीन ग्लास असतात, एकात तपकिरी गाळ, एकात पिवळं पाणी, एक स्वच्छ. आणखी थोड्या वेळाने पाणी शुद्ध करायच्या पंधरा-वीस हजारांच्या मशीनची पावती फाटलेली असते.

त्या बॅगेतली उपकरणं बहुधा खरी असतात आणि ग्लासातले रंगही खरेच उमटतात. खोटं असतं ते त्यांचं स्पष्टीकरण. म्हणूनच चांगली शिकलेली माणसंही यात सापडतात.

सुरुवात टीडीएस मीटरने होते. पेनासारखं उपकरण नळाच्या पाण्यात बुडवलं की समजा ८० दाखवतं, त्याच्या बाटलीतल्या पाण्यात १२. "बघा, ऐंशी टक्के घाण." मुळात हा आकडा टक्क्यांचा नाही, घाणीचाही नाही. मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेले आहेत याचा अंदाज देतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, ५०० पर्यंतचा आकडा स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. मुंबईचं पाणी तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून येतं. ते पावसाचं साठवलेलं पाणी, त्यामुळे क्षार मुळातच कमी, आकडा साधारण शंभराच्या आसपास. समुद्राजवळच्या बोअरवेलची किंवा टँकरची गोष्ट निराळी, तिथे मीटर खरोखर उपयोगी पडतो. पण जंतू या मीटरला दिसतच नाहीत. पाण्यात गटाराचं थोडं पाणी मिसळलं तरी आकडा जेमतेम हलतो, आणि त्या पाण्याने अख्खी इमारत आजारी पडू शकते. शिसं किंवा आर्सेनिक घातक प्रमाणात असलं तरी मीटर ते वेगळं दाखवत नाही, कारण त्यांची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी बारीक आहे.

मग येतो खरा तमाशा. दोन ग्लासांवर ठेवायची प्लास्टिकची पट्टी, तिच्याखाली धातूच्या सळ्या, आणि वायर थेट भिंतीतल्या प्लगमध्ये. मिनिटाभरात नळाच्या पाण्यात हिरवट, मग तपकिरी गाळ तरंगायला लागतो आणि आरओच्या, म्हणजे बारीक पडद्यातून क्षार काढून टाकणाऱ्या मशीनच्या, पाण्याचा ग्लास तसाच राहतो. सळ्यांच्या जोडीत एक लोखंडाची असते, दुसरी बहुधा ॲल्युमिनियमची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंडाची सळी विरघळू लागते. तो तपकिरी गाळ म्हणजे त्या सळीचाच गंज. पाण्यात तो आधी नव्हताच. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे वीज फारशी वाहत नाही आणि सळी झिजत नाही, एवढंच. पडताळायचं असेल तर प्लग काढायला लावा, त्याच्या 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ घाला आणि पुन्हा चालू करायला सांगा. तो ग्लास नळाच्या ग्लासापेक्षाही काळा पडतो. शहाळ्याच्या पाण्याचीही हीच गत होईल. उलट इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होतं, आणि ते कुणी तांब्यात भरून पीत नाही. प्रयोग चालू असताना सळ्यांना किंवा पाण्याला हात मात्र लावू नका, ती घरातली २३० व्होल्टचीच वीज असते.

पिवळ्या रंगाची हातचलाखी याहून वाईट. कुपीतले दोन-चार थेंब नळाच्या पाण्यात टाकले की पाणी पिवळं होतं. "हे केमिकल तुम्ही रोज पिताय." ते थेंब ऑर्थोटोलिडीनचे. गावाकडे ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि आरोग्यसेवक रोज जी 'ओटी टेस्ट' करतात ती हीच. पिवळा रंग म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी तुमच्या तोटीपर्यंत निर्जंतुक राहण्याची सोय शाबूत आहे. मानकानुसार तोटीवर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. फिकट पिवळा रंग म्हणजे ओटी पॉझिटिव्ह, आणि त्यात आनंद मानायचा. रंग आलाच नाही तर काळजी करायची. विक्रेता याच्या अगदी उलटं सांगतो आणि पुढे आपल्या मशीनमधलं रंगहीन पाणी दाखवतो. मशीनमधल्या कार्बनच्या नळकांड्याने क्लोरीन शोषून घेतल्यामुळे ते रंगहीन असतं. म्हणून फिल्टरचं पाणी भांड्यात दोन-दोन दिवस साठवू नये, त्याला राखणारं काही उरलेलं नसतं.

याच कुपीचा एक पोटप्रयोग आहे. काकूंना नळाच्या पाण्यात मिनिटभर बोटं बुडवायला सांगतात, मग थेंब टाकतात. पाणी पिवळं होत नाही. "क्लोरीन तुमच्या त्वचेत गेलं, आंघोळीलाही हेच पाणी वापरता ना?" त्वचेवरचं तेल, घाम आणि मळ यांच्याशी झगडण्यात क्लोरीन संपलेलं असतं. ते त्याचं कामच आहे. आणि ऑर्थोटोलिडीन विषारी आहे, तो ग्लास मोरीत ओतून नीट धुवा, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

एवढी भीती घातल्यावर विकतात आरओ. तलावाच्या पाण्याला त्याची गरज सहसा नसते. एक लिटर पाणी देताना हे मशीन दोन-तीन लिटर गटारात सोडतं, आणि पाणी दोन-तीन तासच येत असेल तर ही चैन परवडत नाही. ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच केंद्र सरकारला सांगितलं होतं. पाणी फारच बेचव लागतं अशी तक्रार आली की मेकॅनिक आतला टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू फिरवून जातो. म्हणजे मेम्ब्रेनमधून, क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, न गेलेलं पाणी पुन्हा त्यात मिसळतो. हजारो रुपये मोजून जे काढलं, तेच परत. पालिकेच्या पाण्यासाठी साधा यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) किंवा यूएफ (बारीक छिद्रांतून जंतू गाळणारा) फिल्टर पुरतो. काहीच नसेल तर गाळून उकळी आल्यावर काही मिनिटं उकळू द्यावं.

पैशाचा फास आणखी वेगळा असतो. "आत्ता काही देऊ नका, महिन्याला फक्त एवढे." आधार आणि पॅन कार्डाचा फोटो घेतात, मोबाईलवर ओटीपी येतो, काकू तो वाचून दाखवतात. तो ओटीपी डिलिव्हरीचा नसतो, वित्त कंपनीच्या कर्जाला दिलेला होकार असतो. मशीन परत नेलं तरी हप्ता खात्यातून कापला जात राहतो. कर्जाची लेखी रद्द-सूचना मिळेपर्यंत मशीनचा ताबा सोडू नका.

आता सोसायट्यांची फसवणूक. ती कुणाच्या लक्षातच येत नाही, म्हणून जास्त धोक्याची. टाकी धुणारा ठेकेदार म्हणतो, "सेक्रेटरीसाहेब, रिपोर्टसकट पॅकेज." संध्याकाळी शिक्का मारलेला कागद फाइलला लागतो: ई-कोलाय (विष्ठेतले जंतू) नाही, पाणी पिण्यायोग्य. नमुना त्याच दिवशी घेतलेला आणि निकालही त्याच दिवशीचा. जंतू वाढवून बघायला तापवलेल्या पेटीत किमान २४ तास लागतात आणि संशयास्पद नमुन्यांची खात्री करायला आणखी एक-दोन दिवस. त्याच दिवशी जंतूंचा निकाल देणारा कागद टाइप केलेला असतो, तपासलेला नसतो. काही वेळा नमुना खरंच घेतात, पण टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकल्यावर लगेच, नाहीतर साध्या मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत. मग जंतू सापडतील कसे?

रिपोर्ट हातात आला की आधी तारखा वाचा: नमुना कधी घेतला, कधी पोहोचला, तपासणी कधी सुरू झाली, कधी संपली. प्रत्येक घटकासमोर तपासणीची पद्धत लिहिलेली असावी, रसायनांसाठी आयएस ३०२५, ई-कोलायसाठी आयएस १५१८५ अशी. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं चिन्ह असेल तर सोबत टीसीने सुरू होणारा प्रमाणपत्र क्रमांक आणि त्या रिपोर्टचा लांबलचक यूएलआर क्रमांक असतो. एनएबीएलच्या संकेतस्थळावर तो प्रमाणपत्र क्रमांक शोधून, त्या प्रयोगशाळेच्या मान्यतेत पाण्याची जंतुतपासणी खरंच आहे का ते बघा. बऱ्याच ठिकाणी फक्त रसायनांची मान्यता असते. 'आयएसओ ९००१' हा कार्यालयीन कारभाराचा दाखला आहे, तपासणीचा नाही. आणखी एक खूण: मुंबईत पालिकेच्या पाण्याचा टीडीएस चारशेच्या घरात लिहिला असेल तर तो आकडा दुसऱ्याच कुणाच्या रिपोर्टमधून उचललेला आहे, नाहीतर तुमच्या टाकीत गुपचूप टँकरचं पाणी पडतंय. दोन्हींची चौकशी करावीच लागेल.

नमुना घेणं हे अर्ध्याहून अधिक काम. जंतूंसाठी बाटली प्रयोगशाळेचीच, निर्जंतुक केलेली आणि आत सोडियम थायोसल्फेट घातलेली हवी. हे रसायन क्लोरीनला तिथल्या तिथे निकामी करतं. ते नसेल तर वाटेत बाटलीतलं क्लोरीन जंतू मारत राहतं आणि घाणेरडं पाणीही निर्दोष ठरतं. म्हणून ती बाटली आधी विसळायची नाही. तोटीची जाळी काढा, स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, झाकणाच्या आत बोट लावू नका, काठोकाठ न भरता वर थोडी हवा ठेवा. बर्फाच्या डब्यात घालून शक्यतो सहा तासांत पोहोचवा. क्लोरीन मात्र जागेवरच मोजायचं, प्रयोगशाळेत नेईपर्यंत ते उडून जातं. स्वस्तात पहिली चाचणी करायची तर एचटूएस बाटली मिळते. पाणी भरून घरच्या तापमानाला २४ ते ४८ तास ठेवा. काळी पडली तर विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता.

मुंबईतला खरा धोका तलावात किंवा भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात नसतो, शेवटच्या शंभर मीटरमध्ये असतो. पाणी ठरावीक तासच येतं. वेळ संपली की नळजोडणीतला दाब उतरतो, आणि गटारातून किंवा गटाराला लागून गेलेल्या गंजक्या लोखंडी पाइपच्या भोकातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पाणी आल्या आल्या पहिली काही मिनिटं वास येतो तो याचाच. चाळींत आणि जुन्या इमारतींत ही तक्रार पावसाळ्यात हमखास. घरातल्या एका तोटीचा नमुना घेऊन हे कळत नाही. त्याच दिवशी चार जागी घ्या: पाण्याच्या मीटरजवळ पालिकेचं पाणी येतं तिथे, खालच्या टाकीत, गच्चीवरच्या टाकीत आणि स्वयंपाकघरात. मीटरजवळचा नमुना पाणी सुरू होताच एक आणि अर्ध्या तासाने एक असा दोनदा. प्रत्येक जागी ओटी टेस्टचा रंग लिहून ठेवा.

मीटरजवळ ओटी पॉझिटिव्ह आणि गच्चीवर निगेटिव्ह आली तर दोष तुमच्या टाक्यांत: झाकण, तडा, गाळ, नाहीतर खालच्या टाकीलगतचा ड्रेनेज चेंबर. मीटरजवळच पहिल्या मिनिटांचं पाणी निगेटिव्ह आणि अर्ध्या तासानंतरचं पॉझिटिव्ह असेल तर टाकी धुणाऱ्याला बोलावून पैसे घालवू नका. जोडणी फुटलेली आहे. पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या आणि वॉर्ड ऑफिसच्या जलकामे विभागात वेळ, रंग आणि जागा लिहिलेला अर्ज द्या. जोडणीचा सोसायटीच्या बाजूचा भाग गळत असेल तर तो परवानाधारक प्लंबरकडून सोसायटीलाच बदलावा लागतो. मशीन विकणाऱ्याने किंवा रिपोर्टवाल्याने फसवलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क लागत नाही. पावती, डेमोचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ आणि ओटीपीचा मेसेज जपून ठेवा. डेमो चालू असताना व्हिडिओ काढू लागलात की बॅग बहुतेक वेळा तिथेच बंद होते.