दिल्ली मेट्रो : परभणी-नांदेडकडनं दिल्ली बघायला जाणाऱ्या बायकांनी तर नक्की वापरा

दिल्ली बघायला जायचं म्हणलं की आपल्याकडं आधी विचारतेत गाडी कुणाची करणार, ड्रायव्हर ओळखीचा आहे का, सोबत पुरुष माणूस कोण आहे. मी म्हणते यातलं काहीच लागत नाही, मेट्रो आहे ना. आम्ही सासूबाई, जाऊबाई आणि मी अशा तिघीच गेलो आणि सगळी दिल्ली मेट्रोनं फिरलो, कुणाच्या भरवशावर राहायची वेळच आली नाही. माझ्याकडनं पाचातले चार स्टार, एक का कापला ते पुढं सांगते.

आपल्याकडनं बहुतेक लोक सचखंड एक्सप्रेसनं जातात, ती नवी दिल्ली स्टेशनला थांबते. तिथं एक गोष्ट लक्षात ठेवा, पहाडगंजच्या बाजूला बाहेर पडू नका, अजमेरी गेटच्या बाजूला पडा म्हणजे 16 नंबर प्लॅटफॉर्मकडं, मेट्रोचं स्टेशन त्याच अंगाला आहे. चुकून पहाडगंजकडं निघालात तर सामान घेऊन परत सगळे प्लॅटफॉर्म ओलांडायचे. संभाजीनगरहून विमानानं जाणार असाल तर एअरपोर्टच्या टर्मिनल 3 पासून नवी दिल्लीपर्यंत वेगळी एअरपोर्ट एक्सप्रेस लाईन आहे, वीस-बावीस मिनिटात आणून सोडते, टॅक्सीवाल्यांशी हुज्जत नको.

तिकिटाचं म्हणाल तर ऑगस्ट 2025 मध्ये भाडं वाढलं तरी कमीत कमी 11 रुपये आणि जास्तीत जास्त 64, एअरपोर्ट लाईनचं तेवढं वेगळं. एवढ्या पैशात ऑटोवाला मीटरकडं बघत सुद्धा नाही. फोनवर क्यूआर तिकीट निघतं पण म्हाताऱ्या माणसाला दरवेळेस फोन धरायचा वैताग, त्यापेक्षा स्मार्ट कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं मेट्रोचं कार्ड घ्या, प्रत्येक प्रवासाला 10 टक्के सूट मिळते आणि दुपारी 12 ते 5 मध्ये आणखी थोडी. पर्यटकांसाठी 1 दिवसाचं आणि 3 दिवसांचं टुरिस्ट कार्ड पण असतं, दिवसभर कितीही चढा-उतरा, पण ते तुम्ही खरंच दिवसभर भटकणार असाल तरच परवडतं. आमच्यासारखं दोन ठिकाणं बघून जेवून आराम करणाऱ्यांना साधं कार्डच बरं. आणि हो, माणशी एक कार्ड लागतं, एकाच कार्डावर सगळ्यांना आत घेता येत नाही.

आता बायकांसाठी खास. गाडी ज्या दिशेनं जाते त्या दिशेचा पहिला डबा फक्त बायकांचा, प्लॅटफॉर्मवर खाली गुलाबी पाट्या लावलेल्या असतात तिथंच उभं राहायचं. सिक्युरिटीची रांग पण बायकांची वेगळी, तपासायला बाईच. सासूबाईंना हे इतकं आवडलं की त्या प्रत्येक स्टेशनवर आमच्या पुढं जाऊन गुलाबी पाटी शोधायच्या. गर्दीत सुद्धा त्या डब्यात पोरी उठून जागा देतात, आंटीजी बैठिए म्हणून. आत हिंदीतनं जी सूचना येते ना, पुढचं स्टेशन कोणतं, दार कोणत्या बाजूला उघडणार, तो आवाज शम्मी नारंग यांचा आहे, पूर्वी दूरदर्शनवर बातम्या द्यायचे ते. हे मी सांगितल्यावर सासूबाईंनी प्रत्येक सूचना कान देऊन ऐकली, नंतर नंतर तर त्याच आम्हाला सांगायला लागल्या डावीकडं उतरायचं म्हणून.

घोळ होतो तो दिशेचा. प्लॅटफॉर्मवर शेवटच्या स्टेशनचं नाव लिहिलेलं असतं, तेवढं पाठ असलं की झालं. पिवळ्या लाईनवर एका टोकाला समयपूर बादली आणि दुसऱ्या टोकाला मिलेनियम सिटी सेंटर गुरुग्राम, ह्यालाच जुने लोक अजून हुडा सिटी सेंटर म्हणतात. निळ्या लाईनचं जास्त बघून करा, कारण यमुना बँक नावाच्या स्टेशननंतर तिला दोन फाटे फुटतात, अक्षरधामला जायचं असेल तर नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटीचीच गाडी पाहिजे, वैशालीच्या गाडीत बसलात तर ती लक्ष्मी नगरकडं निघून जाते. लाल किल्ल्यासाठी चांदनी चौकला उतरा असं अजून बरेच जण सांगतात, पण 2017 पासून जांभळ्या लाईनवर लाल किला नावाचं स्टेशनच झालंय, किल्ल्याजवळच निघता. जामा मशीद त्याच्या पुढचंच स्टेशन.

आता तो कापलेला स्टार. एका लाईनवरनं दुसरीवर जायला काही स्टेशनांत लई चालावं लागतं. हौज खास तर जमिनीखाली 29 मीटर आहे, सरकते जिने उतरा, परत चाला, परत उतरा. लिफ्ट सगळीकडं आहे पण ती कुठल्या कोपऱ्यात आहे ते शोधायला लागतं. गुडघ्याचं दुखणं असलेलं माणूस सोबत असेल तर गाडी बदलणं टाळा, एकाच लाईननं जास्त फिरून जावं लागलं तरी चालेल. दुसरं म्हणजे कुतुब मिनार नावाचं स्टेशन खऱ्या कुतुब मिनारपासून दीड-दोन किलोमीटरवर आहे, तिथनं ई-रिक्षा करायची, बसायच्या आधी भाडं ठरवूनच.

यावर माझा उपाय एकच, गेट नंबर. बाहेर पडायच्या आधी खांबावरचा नकाशा बघून कोणत्या गेटनं निघायचं ते ठरवा किंवा तिथल्या गार्डला विचारा, नीट सांगतात. राजीव चौकात चुकीच्या गेटनं बाहेर आलात तर कनॉट प्लेसच्या भलत्याच टोकाला निघता, सगळे गोल पांढरे खांब सारखेच दिसतात, वरनं ऊन.

नांदेडच्या माणसांना बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात जायचंच असतं, त्यासाठी पटेल चौक, तिथनं थोडं चालणं आहे पण रस्ता सावलीचा. लंगर घ्या, सरोवराच्या काठी बसा, घाई करू नका. शीशगंज साहिब चांदनी चौकात, तेही पिवळ्याच लाईनवर.

सकाळी 8 ते 10 आणि संध्याकाळी 5 ते 8 ऑफिसची गर्दी असते, त्या वेळेस राजीव चौक आणि कश्मीरी गेट टाळा. सोमवारी लाल किल्ला, अक्षरधाम आणि लोटस टेम्पल तिन्ही बंद, त्या दिवशी पिवळ्या लाईनवरच राहा, सकाळी कुतुब, दुपारी बंगला साहिब, गाडी बदलायचं कामच नाही.