हलक्या रायफलीला माउंट कोणतं? उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

स्प्रिंगवर चालणाऱ्या हलक्या एअर रायफलीला माउंट, म्हणजे स्कोप (दुर्बीण) रायफलीवर धरून ठेवणारा जोड, घेताना आधी पकड बघा, वजन मागाहून. कोरेगावकडच्या आमच्या रानात उन्हाळ्यापासून कागदी टार्गेटवर सराव चाललाय आणि हे मत आता पक्कं झालंय.

रायफल ०.१७७ इंच बोअरची (नळीच्या आतला व्यास), ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी मोडून स्प्रिंग ताणायची. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे एवढा बोअर आणि २० जूलपर्यंत ताकद असेल तर परवाना लागत नाही. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. डुकरांनी भुईमूग उकरला म्हणून यातून छर्रा झाडायचा विचारही करू नका. जनावर नुसतं जखमी होऊन तडफडतं.

रायफलीसोबत माउंट म्हणून स्कोप धरणाऱ्या दोन सुट्ट्या रिंगा आल्या होत्या. दिसायला छान, वजनाला नगण्य. मागच्या रिंगेला खेटून रेलवर (रायफलीच्या पाठीवरची माउंट बसवायची पट्टी) पेन्सिलीची रेघ मारून ठेवली होती, तर थोडे छर्रे मारल्यावर रिंग त्या रेघेवर चढलेली दिसायची. स्क्रू आवळलेलेच असायचे, तरी ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) सरकायचा.

कारण रायफलीच्या धक्क्यात आहे. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला जाऊन थांबतो तेव्हा ती झटक्यात पुढे जाते. हा दुसरा झटका जास्त तीव्र. रायफल पुढे निघते, स्कोप जागेवर राहू पाहतो, म्हणजे रेलवर तो मागे सरकतो. दारूच्या रायफलीचं उलट असतं, तिथे रायफल मागे येते आणि स्कोप पुढे ओढला जातो. म्हणून परवान्याची पॉइंट टू-टू (०.२२ बोअरची दारूची रायफल) असणाऱ्यांनी पिकॅटिनी, म्हणजे आडव्या खाचांच्या, रेलवर माउंट खाचेत पुढे रेटून आवळावं, आम्ही स्प्रिंगवाल्यांनी मागे रेटून. रायफल जितकी हलकी तितका झटका स्कोपला जास्त बसतो, त्यामुळे हलक्या रायफलीला नाजूक माउंट हे गणितच मला पटत नाही.

शेवटी एकसंध, लांब माउंट घेतलं, खाली स्टॉप पिन असलेलं. ही पिन रेलवरच्या भोकात उतरते आणि सरकणं तिथेच अडतं. सोबतची पिन मात्र भोकात ढिली होती. मामेभावाचं कुपवाड एमआयडीसीत लेथचं काम आहे. त्याने भोक व्हर्नियरने मोजून सिल्व्हर स्टीलची नवी पिन काढून दिली. ती बसवली तेव्हापासून पेन्सिलीची रेघ आणि माउंटची कड जिथल्या तिथे आहेत. सगळ्या खटाटोपात खरा फरक पडला तो या पिनने.

उंचीचं म्हणाल तर ४० मिमी ऑब्जेक्टिव्ह (स्कोपचं पुढचं भिंग) खाली रायफलीला न टेकता बसेल एवढंच उंच माउंट घ्या. उंच माउंटवर गाल स्टॉकवरून सुटतो, मान तरंगते आणि दर वेळी डोळा वेगळ्या जागी येतो. ब्रेक-बॅरलची नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते, मग स्कोपचे वरचे क्लिक (नेम वर घ्यायचे टप्पे) संपतात. अशा वेळी मागून थोडं उंच असलेलं उताराचं माउंट मिळतं, ते घ्यावं. रिंगेत पट्ट्या कोंबत बसू नये, स्कोपच्या ट्यूबवर वळ उठतात.

बसवताना रेल आणि माउंट दोन्ही थिनरने पुसून कोरडं करा. तेलाचा हात राहिला की पकड गेली. रिंगेचे स्क्रू आलटून-पालटून, साधारण २ न्यूटन-मीटरच्या आतच. त्याहून आवळलं तर ट्यूब दबते. निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) फक्त खालच्या क्लॅम्पच्या स्क्रूंना लावलंय, रिंगांना नाही. पावसाळ्यात काळ्या स्क्रूंच्या डोक्यांवर गंज धरला, तेवढं अधूनमधून पुसावं लागतं.

तक्रारी आहेतच. एकसंध माउंट जड आहे आणि स्कोप पुढे-मागे करायला जागा कमी मिळते. माझी मान आखूड असल्याने आय रिलीफ (डोळा आणि स्कोपमधलं अंतर) जेमतेम जमला. पीसीपी रायफल (आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी) असेल तर हे ओझं घेऊ नका. तिला धक्का नसल्यात जमा, दोन हलक्या रिंगा पुरतात.

घेताना रायफल सोबत न्या. ‘११ मिमी’ म्हणून मिळणाऱ्या डव्हटेल (तिरप्या कडांच्या) रेलच्या कडांचा कोन सगळीकडे सारखा नसतो. दुकानातच क्लॅम्प हलका आवळून पुढून उजेडात बघा: जबडा रेलच्या कडेला पूर्ण लागायला हवा. नुसत्या धारेवर टेकत असेल तर दुसरं माउंट मागा.